हिरोची सही कुठाय?

इंजिनिअरिंगच्या कुठल्याही हॉस्टेलमध्ये जा, तीन गोष्टी हमखास सापडतात. मेसच्या डाळीवरची तक्रार, पास होऊन गेलेल्या सीनिअरची मागे राहिलेली जर्नल्स आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर 'थ्री इडियट्स'. हा सिनेमा डिसेंबर २००९ चा. आज फर्स्ट इयरला असलेली पोरं तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. पण त्यांनाही तो तोंडपाठ असतो. मशीनची व्याख्या विचारणारे सर, व्हॅक्यूम पंप लावून केलेली डिलिव्हरी, चतुरचं भाषण... ओरलच्या आदल्या रात्रीसुद्धा आम्ही तो बघतो आणि वर म्हणतो, "मूड फ्रेश करतोय रे!"

माझं त्या सिनेमाशी भांडण नाही. राजकुमार हिरानीनं तो मनापासून केलाय. जॉय लोबोचा प्रसंग आला की आमच्या रूममधली बडबड आजही आपोआप थांबते. पण गेल्या उन्हाळ्यात साइटवरचं ट्रेनिंग करून आल्यापासून एक प्रश्न मला छळायला लागलाय. हा हिरो इंजिनिअर म्हणून नेमकं काम काय करतो? कॉलेज संपतं, मधली दहा वर्षं गायब होतात आणि एकदम कळतं की साहेबांच्या नावावर चारशे पेटंट आहेत! त्या दहा वर्षांत त्यानं एकदा तरी टेंडर वाचलं का? एखाद्या ड्रॉइंगवर सही केली का? "साहेब, जरा अ‍ॅडजस्ट करा ना" असं त्याला कुणी म्हटलं का? याबद्दल सिनेमा गप्प.

आणि आपण सगळे तर नेमके त्या गाळलेल्या दहा वर्षांतच जाऊन पडणार आहोत! म्हणून मग मी जुने-नवे सिनेमे आणि मालिका या एकाच नजरेनं बघायला लागलो. यातला इंजिनिअर काय करतो? कागदावर सही करायची वेळ आली की तो कसा वागतो? माझा रूमी वैतागून म्हणाला, "भावा, तू सिनेमा बघतोस की इन्स्पेक्शन करतोस?" असो. त्या इन्स्पेक्शनचा हा रिपोर्ट.

पडद्यावरचे इंजिनिअर साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार विद्यार्थ्यांचा. याचं पीक सध्या जोरात आहे. 'थ्री इडियट्स' झाला, २०१९ साली 'छिछोरे' आला, त्याच वर्षी 'कोटा फॅक्टरी' आली. 'छिछोरे'तलं हॉस्टेल मला जास्त खरं वाटतं. रिकामटेकडेपणा, टोपणनावं, हरणाऱ्या हॉस्टेलचा अभिमान हे सगळं त्यात बरोबर उतरलंय. 'कोटा फॅक्टरी' काळ्या-पांढऱ्या रंगात आहे, आणि ज्यांनी क्लासेसच्या त्या दोन वर्षांत सकाळ-संध्याकाळ फक्त डीपीपी सोडवली, त्यांना त्याचं कारण सांगायला नको. पण तिच्याबद्दल एक तक्रार आहे. जीतू भैया हा माणूस एवढा गोड दाखवलाय की फॅक्टरीवर टीका करता करता मालिका फॅक्टरीचीच जाहिरात होऊन बसते. दर थोड्या वेळानं एक भाषण, भाषणानंतर पोरांचे डोळे ओले, आणि दुसऱ्या दिवशी परत टेस्ट सीरिज.

या सगळ्या कथांमध्ये व्हिलन एकच असतो, तो म्हणजे परीक्षा. निकाल लागला की गोष्ट संपते. आपल्याला मात्र निकालानंतर पुढची पस्तीस वर्षं काढायची असतात.

दुसरा प्रकार जीनियस लोकांचा. इथला माझा आवडता सिनेमा 'स्वदेस' (२००४). आशुतोष गोवारीकरनं सिनेमातलं चरणपूर उभं केलं ते आपल्या वाईजवळच्या मेणवलीत. घाट, वाडा, नदी बघितली की सातारकडच्या पोरांची कॉलर ताठ होते. नासामधला मोहन भार्गव गावात येतो आणि पाण्यावर चालणारी छोटी वीजयोजना उभी करतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावला २००३ साली लोकांच्या श्रमदानातून झालेल्या छोट्या जलविद्युत प्रकल्पाशी या कथेचं नातं सांगितलं जातं. मला 'स्वदेस' 'थ्री इडियट्स'पेक्षा उजवा वाटतो, कारण त्यात पाणी उंचावरून येतं, पाइप टाकावा लागतो, खणायला माणसं लागतात आणि त्या माणसांना आधी पटवावं लागतं. म्हणजे इंजिनिअरिंग दिसतं! म्हाताऱ्या आजीच्या चेहऱ्यावर बल्बचा उजेड पडतो तेव्हा आमच्या इलेक्ट्रिकलच्या दगडासारख्या पोरांनाही गहिवरून येतं. तरी माझ्यातला इन्स्पेक्टर विचारतोच की पुढच्या पावसाळ्यात टर्बाइनमध्ये गाळ अडकला तर काढणार कोण? देखभालीवर कुणीच सिनेमा काढत नाही.

मराठीत या प्रकारातला राजा म्हणजे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). परेश मोकाशीचे दादासाहेब फाळके हे इंजिनिअर नव्हते, पण त्यांचा स्वभाव पक्का वर्कशॉपमधल्या माणसाचा. १९१२ साली लंडनला जाऊन तंत्र शिकून यायचं, कॅमेरा आणायचा, कुंडीतल्या वाटाण्याला कोंब कसा फुटतो त्याची रोज थोडी थोडी फिल्म घ्यायची आणि ती दाखवून भांडवल उभं करायचं. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. घरातलं सामान विकलं जातंय आणि अख्खं घर हसत हसत कामाला लागलंय. काहींना हा सिनेमा फार हलकाफुलका वाटतो. मला तो हलकेपणाच आवडतो. आपल्याकडे कष्ट दाखवायचे म्हटले की रडकं व्हायोलिन लावतात. इथं कष्टात मजा आहे. प्रोजेक्टचं मॉडेल पहाटे तीन वाजता एकदाचं फिरायला लागतं तेव्हा वाटते ना, तीच मजा.

आणि 'अपोलो १३' (१९९५). एप्रिल १९७० मधली खरी घटना. यानातली ऑक्सिजनची टाकी फुटलेली, चंद्र राहिला बाजूला, आता माणसं जिवंत परत आणायची आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड काढणारे चौकोनी डबे दुसऱ्या यानातल्या गोल जागेत बसवायचे आहेत. मग खाली ह्यूस्टनला काही माणसं टेबलावर पिशव्या, पुठ्ठे, नळ्या, चिकटपट्टी असा सगळा कचरा ओततात आणि कामाला लागतात. अवकाशवीरांकडे जे आहे तेवढंच वापरायचं, ही अट. माझ्या मते इंजिनिअरिंगबद्दलचा जगातला सगळ्यात चांगला प्रसंग हाच. त्यात एकही जीनियस नाही. टीम आहे, अट आहे आणि घड्याळ आहे. गंमत म्हणजे अपयशाला इथे वाव नाही अशा अर्थाचं जे वाक्य पोस्टरवर छापून पोरं भिंतीला लावतात, ते त्या रात्रीच्या खऱ्या फ्लाइट डायरेक्टरनं तेव्हा म्हटलेलं नव्हतं. ते सिनेमाच्या लेखकांनी लिहिलं. खऱ्या माणसांना त्या रात्री वाक्यं सुचायला वेळ नसावा.

आता तिसरा प्रकार, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. सही करणारा इंजिनिअर. हा पडद्यावर फार कमी वेळा येतो, आणि आला तर बहुतेक वेळा मरायला येतो.

हृषीकेश मुखर्जींचा 'सत्यकाम' (१९६९) आपल्यापैकी किती जणांनी बघितलाय? आमच्या मजल्यावर मी विचारत फिरलो तेव्हा बहुतेकांनी "कुठला? साऊथचा का?" असं विचारलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र गेले तेव्हा सगळीकडे 'शोले'चा वीरू आणि ती पाण्याची टाकी दाखवत होते. पण जुनी जाणती माणसं 'सत्यकाम'चं नाव घेत होती. म्हणून आम्ही चौघांनी तो लावला. तिघं शेवटपर्यंत जागे राहिले, हे हॉस्टेलच्या हिशेबानं डिस्टिंक्शनच.

ही गोष्ट सत्यप्रिय आचार्य नावाच्या इंजिनिअरची. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कॉलेजातून बाहेर पडलेला. आता देश आपला होणार, म्हणजे लबाडी संपणार, असं या माणसाला खरंच वाटतं. मग एक नोकरी, दुसरी नोकरी, तिसरी. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी गोड बोलून एक कागद पुढे सरकवतो आणि हा सही करत नाही. ही कथा ज्यांच्या बंगाली कादंबरीवरून घेतली ते नारायण सान्याल स्वतः सिव्हिल इंजिनिअर होते. त्यामुळे सिनेमातले ठेकेदार नुसते मिशा पिळत हसणारे ठेकेदार वाटत नाहीत. ते नम्र आहेत, घरच्यांची चौकशी करतात, अडचणीला धावून येतात. ज्यांनी साइट बघितली आहे त्यांना पटेल की खरा धोका अशाच माणसांचा असतो.

शेवटी सत्यप्रिय हॉस्पिटलात मरणाच्या दारात आहे. घशाच्या कॅन्सरनं आवाजही गेलाय. बायको-मुलासाठी मागे दमडी नाही. निकृष्ट काम पास करून घ्यायला एक ठेकेदार येतो, पैसे देऊ करतो. आणि जन्मभर न वाकलेला हा माणूस सही करतो! तो कागद बायकोच्या, रंजनाच्या हातात देतो. रंजना तो फाडून टाकते. सत्यप्रियच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते बघायलाच हवं. एका सहीवर एवढा मोठा क्लायमॅक्स उभा केलेला दुसरा हिंदी सिनेमा मी तरी बघितलेला नाही.

तरीसुद्धा हा सिनेमा मला पूर्ण पटत नाही. तो लांबलाय, मधे मधे प्रवचन होतो. आणि प्रामाणिकपणा हा एखादा असाध्य रोग असावा तसा तो दाखवतो. लागण झाली की माणूस जातोच! पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे, सिनेमानं सत्यप्रियला देव केलेलं नाही. ज्या रात्री रंजनाला त्याची खरी गरज असते त्या रात्री हा सत्यवादी माणूस कचरतो, आणि ते ओझं त्याला पुढे जन्मभर वागवावं लागतं. शिवाय त्याच्या हट्टाची किंमत सगळ्यात जास्त तिनंच मोजलेली असते. म्हणून कागद फाडायचा हक्कही तिचाच. संजीवकुमारनं केलेला नरेन हा मित्र ही सगळी गोष्ट सांगतो. व्यवहारी, शहाणा, जगाशी जुळवून घेणारा. आपण सत्यप्रियला टाळ्या वाजवतो, पण खरं सांगायचं तर आपल्यातले बहुतेक जण नरेनच्या बाकावर बसलेले असतात.

सिनेमा संपल्यावर आमच्या मेकॅनिकलच्या मित्रानं निकाल दिला, "हा माणूस प्रोबेशनवरच उडाला असता." रूमी म्हणाला, "उडाला असता, पण त्यानं बांधलेलं काहीतरी उभं राहिलं असतं ना?" रात्री दीड वाजता यावर जे भांडण झालं ते शेजारच्या रूमनं दार वाजवेपर्यंत चाललं.

दहा वर्षांनी आलेल्या 'काला पत्थर'मध्येही (१९७९) एक इंजिनिअर आहे, पण तो कुणाच्या लक्षात राहत नाही. धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्या दुर्घटनेवरून हा सिनेमा सुचला. अमिताभला राग मिळाला, शत्रुघ्न सिन्हाला टाळ्यांची वाक्यं मिळाली आणि शशी कपूरला मिळाला खाणीचा नकाशा! तो इंजिनिअर. पलीकडे पाणी आहे, इथं खणू नका, हे मालकाला सांगणारा. मालक ऐकत नाही, कारण कोळसा थांबला की पैसा थांबतो. लहानपणी टीव्हीवर हा सिनेमा लागायचा तेव्हा मी अमिताभकडे बघायचो. आता माझी नजर शशी कपूरवर जाते. सांगून झालं, समोरच्यानं ऐकलं नाही, मग पुढे काय? राजीनामा द्यायचा? वर कळवायचं? कामगारांना घेऊन बाहेर पडायचं? सिनेमा हा प्रश्न टाळतो. पाणी घुसल्यावर तो त्याला बचावकार्यात उतरवतो आणि हिरो करून टाकतो. पाणी घुसायच्या आधी हिरो कसं व्हायचं, हे मात्र सांगत नाही.

'जाने भी दो यारो' (१९८३) मात्र सगळ्यांनी बघितलेला असतो, निदान शेवटचं महाभारत तरी. कुंदन शहाच्या या सिनेमात बिल्डर आहे, त्याचा प्रतिस्पर्धी बिल्डर आहे, म्युनिसिपल कमिशनर आहे, संपादिका आहे आणि दोन गरीब फोटोग्राफर आहेत. पूल कोसळतो आणि शेवटी शिक्षा त्या फोटोग्राफरना होते. पोट धरून हसवून हा सिनेमा शेवटच्या दोन मिनिटांत गळा धरतो. पण या वेळी बघताना माझ्या लक्षात आलं की मुख्य पात्रांत इंजिनिअर एकही नाही! पुलाचं डिझाइन कुणी केलं, सिमेंटमध्ये काय मिसळलं ते कुणी तपासलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला कुणी दिला? सगळे चोर पडद्यावर हजर आणि सही करणारा तेवढा गैरहजर. मला तर वाटतं, कुंदन शहानं आपल्यावर दया केली.

आपण हसतो खरे, पण १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला आणि खालून-वरून जाणारी माणसं गेली. त्याच्या आधीच त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे असा शेरा होता. शेऱ्याखाली सही असते. सिनेमात गैरहजर राहता येतं, कागदावर नाही.

याच सिनेमात तरनेजा बिल्डर झालेल्या पंकज कपूरनं पुढे २००१ मध्ये सब टीव्हीवरच्या 'ऑफिस ऑफिस'मध्ये मुसद्दीलाल केला. आमच्या आई-बाबांची ही आवडती मालिका, आणि आम्ही ती यूट्यूबवर जेवताना बघतो. बिचारा मुसद्दी एका सहीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. इथं सगळं उलटं! 'सत्यकाम'मध्ये सही करू नये म्हणून माणूस झगडतो आणि इथं सही मिळावी म्हणून. पण दोन्हीकडे रोग एकच. ज्याच्या हातात पेन आहे त्याला वाटतं की सही ही आपली वस्तू आहे, विकायची किंवा अडवायची. अर्थात 'ऑफिस ऑफिस' नंतर नंतर त्याच त्या विनोदांवर चालते, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मुसद्दीनं धडा शिकवायचा हेही ठरलेलं. खरा मुसद्दी धडा शिकवत नाही. तो रजा संपली म्हणून घरी जातो.

परदेशी मालिकांपैकी 'चेर्नोबिल' (२०१९) मी प्रत्येक इंजिनिअरिंगच्या पोराला बघायला लावीन. फक्त पाच भाग आहेत. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चौथ्या क्रमांकाची अणुभट्टी फुटली तिथपासूनची गोष्ट. त्यातला सगळ्यात भयानक प्रसंग स्फोटाचा नाही. मीटर वाचण्याचा आहे. रेडिएशनचं मीटर ३.६ दाखवतं आणि साहेब लोक हुश्श करतात. एवढं काही वाईट नाही म्हणतात आणि तोच आकडा वर कळवतात. पण त्या मीटरची कमाल मर्यादाच ३.६ होती! काटा शेवटाला जाऊन टेकला होता. लॅबमध्ये आपण मीटरची रेंज न बघता रीडिंग लिहितो तेव्हा सर का ओरडतात, ते मला त्या रात्री कळलं. मालिकेत खोटंही आहे, हे सांगायला हवं. शेवटच्या भागातल्या कोर्टात शास्त्रज्ञ लेगासोव जे भाषण करतो ते प्रत्यक्षात झालं नाही, खटल्याला तो नव्हताच. उलाना खोम्यूक ही बाईसुद्धा अनेक शास्त्रज्ञ मिळून एक केलेलं काल्पनिक पात्र आहे. खोटेपणाच्या किमतीवर बोलणाऱ्या मालिकेनं एवढी मोठी सूट घ्यावी, हे मला खटकलं. पण ते ३.६ माझ्या डोक्यातून जात नाही.

आता मराठीकडे येऊ. 'डोंबिवली फास्ट' (२००५) मधला माधव आपटे इंजिनिअर नाही, बँकेतला माणूस आहे. पण नियमानं वागणाऱ्या माणसाचा श्वास कसा कोंडतो हे निशिकांत कामतनं आणि संदीप कुलकर्णीनं असं दाखवलंय की बघताना आपलाही कोंडतो. मग आपटे बॅट उचलतो. थिएटरात तेव्हा शिट्ट्या पडल्या असतील आणि का पडल्या असतील तेही समजतं. पण बॅटनं एकही गटार दुरुस्त होत नाही हो! सत्यप्रिय आणि माधव आपटे एकाच आजाराचे रोगी. एकजण आतल्या आत जळतो, दुसरा बाहेर पेटतो, आणि दोघंही शेवटी मरतात. प्रामाणिक माणूस जिवंत ठेवून, पगार घेत, बायकापोरांसह, निवृत्तीपर्यंत नीट जगलेला दाखवायला आपल्या पडद्याला एवढं जड का जातं?

म्हणूनच ट्रेनिंगमध्ये जे बघितलं ते इथं लिहितो. ठिकाण आणि कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही. एका इमारतीच्या कामावर आम्ही चौघं होतो. काँक्रीट टाकलं की त्याचे दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरतात, पाण्यात ठेवतात, आणि सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनवर फोडून ताकद बघतात. हे आपल्याला पाठ आहे, व्हायवाला हमखास येतं. तर तिथं स्लॅब भरून सोळा दिवस झाले होते आणि रजिस्टरमध्ये अठ्ठाविसाव्या दिवसाचे आकडे लिहून तयार! सगळे सुंदर, पास. फक्त सहीची जागा रिकामी.

तिथले इंजिनिअर आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील, आम्ही त्यांना सर म्हणायचो. रजिस्टर समोर आलं, सोबत चहाही आला. सरांनी चहा घेतला, पान बघितलं आणि आम्हाला म्हणाले, "टाकीतले क्यूब बघून या रे." आम्ही बघून आलो. क्यूब होते, पण त्यांच्यावर तारीख नव्हती, कुठल्या स्लॅबचे तेही लिहिलेलं नव्हतं. सरांनी तयार आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं की क्यूबवर खूण नाही, ग्राह्य धरता येत नाहीत, कोअर टेस्ट घ्यावी. आणि सही केली. आवाज चढवला नाही, भाषण नाही, कुणाची कॉलर धरली नाही. दुपारचे तीन वाजले होते आणि मिक्सरचा आवाज चालू होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर चहा यायचा बंद झाला. कोअर म्हणजे स्लॅबमधून गोल तुकडा कापून काढायचा, खर्च आला, पुढचं काम थांबलं, सगळे तोंड फिरवून बोलायला लागले. आठवड्याभरानं निकाल आला. काँक्रीट चांगलं होतं! सगळे म्हणायला लागले, "बघा, उगाच एवढा घोळ घातला." मी सरांना विचारलं, "सर, मग हे सगळं फुकटच गेलं का?" ते म्हणाले, "फुकट कसं? आधी नुसतं लिहिलेलं होतं. आता माहिती आहे."

या प्रसंगावर कुणी सिनेमा काढणार नाही. कारण यात काही पडलं नाही, कुणी मेलं नाही आणि व्हिलन हरलासुद्धा नाही. जो पूल पडत नाही त्याच्यावर सिनेमा निघत नाही. पण आपल्या धंद्यातलं यश म्हणजे काहीही न घडणंच ना!

याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मला सापडली ती 'पंचायत'मध्ये (२०२०). अभिषेक त्रिपाठी इंजिनिअरिंग झालेला, मनासारखी नोकरी नाही, म्हणून वीस हजारांवर फुलेरा गावात ग्रामपंचायतीचा सचिव होतो आणि रात्री कॅटचा अभ्यास करतो. आमच्या मजल्यावर हा लगेच आपला झाला. सोलर दिवे कुठे लावायचे, भुताच्या झाडाचं काय करायचं, फिरणारी खुर्ची कुणाची, एवढ्याशा गोष्टींवर अख्खे भाग. सुरुवातीला कुढत बसलेला हा मुलगा हळूहळू त्या रजिस्टरांना आपली मानायला लागतो. कुठलाही मोठा प्रसंग न घडता हा बदल होतो, म्हणून तो खरा वाटतो. पहिले दोन सीझन मला फार आवडले. २०२४ आणि २०२५ च्या सीझनमध्ये मात्र आमदार, गोळीबार, निवडणूक यांचीच गर्दी झाली आणि ग्रामपंचायतीचं रोजचं काम मागं पडलं. नाट्य वाढलं आणि मजा गेली. माझं हे मत मजल्यावर अल्पमतात आहे, पण मी ते सोडणार नाही.

तर इन्स्पेक्शन रिपोर्टचा निष्कर्ष असा. विद्यार्थ्यांचे सिनेमे आपल्याला धीर देतात, जीनियस लोकांचे स्वप्न देतात. दोन्ही हवं, पीएलमध्ये तर हवंच हवं. पण येत्या जूनमध्ये आमची बॅच बाहेर पडेल आणि कुणीतरी आमच्यापुढे पहिला कागद सरकवेल. बहुतेक वेळा तो माणूस चांगला असेल, घाईत असेल आणि सोबत चहा असेल. तेव्हा चारशे पेटंट घेणारा हिरो उपयोगी पडणार नाही. नकार कसा द्यायचा, तो कुठल्या शब्दांत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर कामाला कसं उभं राहायचं, हे बघितलेलं असेल तर निभेल.

जिमखान्याला म्हणून एक विनंती. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, इंजिनिअर्स डे असतो. त्या संध्याकाळी या वर्षी 'सत्यकाम' लावा. ज्यांना झोप येईल त्यांच्यासाठी मागच्या रांगा आहेतच. आणि सिनेमानंतर प्रमुख पाहुण्यांचं भाषण नको. आपल्या स्टाफपैकी अनेकांनी इथं यायच्या आधी साइटवर, कारखान्यात, सरकारी खात्यात काम केलंय. तेव्हा सर, मॅडम, त्या दिवशी आम्हाला पेपर पॅटर्न सांगू नका. तुमच्यापुढे पहिला कागद कुणी सरकवला होता आणि तुम्ही त्यावर काय लिहिलंत, तेवढं सांगा. आम्ही जागे राहू.

– अंतिम वर्ष, स्थापत्य